फिनाईलच्या वासावर जाऊ नका

गेल्या पावसाळ्यात आम्ही मंडळाचे चौघे एका खाजगी वृद्धाश्रमात फळे वाटायला गेलो. दारातच फिनाईलचा दर्प आला. "काय टापटीप ठेवलीय!" असे आमच्यातलाच एकजण म्हणाला आणि आम्हीही माना डोलावल्या. पुढे एका आजींनी पाणी मागितले म्हणून आत गेलो, तेव्हा खरा प्रकार दिसला. बादली एक, फडके एक. त्याच फडक्याने आधी संडास, मग जेवणाची खोली आणि शेवटी खाटांखालची फरशी. पाणी काळेकुट्ट, वरून फिनाईल ओतले होते एवढेच!

आम्ही पडलो कारकून, हिशेब विचारायची खोड. विचारले तर दोन मजल्यांना सफाईच्या मावशी एकट्याच. "दादा, मोरीचं फडकं चुलीपाशी नेऊ नये हे मला कळत नाही व्हय? पण दुसरी बादली मागितली की म्हणत्यात, भागवा." तेव्हा घाणीचा दोष त्यांच्या माथी मारू नये. झाडू पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या हाती दिला गेला, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

वास्तविक यात मोठा खर्च नाही. खोल्यांची बादली-फडके वेगळे, संडास-मोरीचे वेगळे. आधी खोल्या, संडास शेवटी. फरशी अगोदर साबणाच्या पाण्याने धुवावी, मगच जंतुनाशक. मळाच्या थरावर ते नीट काम करीत नाही. ब्लीचिंगचे पाणी रोज ताजे करावे आणि संडासाच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो, आणि तो आधी मावशींच्याच छातीत जातो. पुसून झाल्यावर फरशी कोरडी करणे तर फार गरजेचे. म्हातारपणी घसरून खुब्याचे हाड मोडले की पुष्कळजण पुन्हा पूर्वीसारखे चालत नाहीत.

अंथरुणाला खिळलेल्यांची चादर ओली झाली की लगेच बदलली पाहिजे, नाहीतर कातडी मऊ पडून माकडहाडाशी जखमा होतात. मेणकापड घातले म्हणजे काम भागले असे नव्हे. खरूज तर एकाला झाली की खोलीभर पसरते. उपचार सर्वांवर एकाच वेळी करून कपडे-चादरी गरम पाण्यात धुवाव्या लागतात.

मात्र स्वच्छतेच्या नावाखाली आजींची पत्र्याची पेटी, भिंतीवरचा फोटो उचलून अडगळीत टाकणे आम्हाला पटत नाही. ते त्यांचे घर आहे, वॉर्ड नव्हे!

ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ साली जो निर्वाह व कल्याण कायदा झाला, त्यात टप्प्याटप्प्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असा एक तरी वृद्धाश्रम राज्य सरकारने काढण्याची तरतूद आहे. तिथल्या सेवांचा दर्जा ठरवण्याचीही आहे. पण कागदावरचा दर्जा पाहायला कोणीतरी मोरीपर्यंत जावे लागते. तेव्हा बंधू-भगिनींनो, आपले कोणी अशा ठिकाणी असेल तर आगाऊ न कळवता जा. गादीखाली हात घालून पाहा.

थंडीत आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा फळांऐवजी दोन बादल्या आणि सहा फडकी नेली, तीन लाल, तीन निळी. व्यवस्थापक नाराज दिसले. मावशींनी मात्र तिथल्या तिथे एक लाल फडके संडासाच्या दाराला खिळ्यावर अडकवले.