तोडफोडीमागची भीती

मुलुंड असो वा अंधेरी, उपनगरांतल्या मोठ्या शाळांमध्ये शिकवलेल्यांना तुकडीच्या अक्षराचा अर्थ सांगावा लागत नाही. ‘अ’ म्हणजे हुशार. शेवटचे अक्षर म्हणजे ‘ती’ मुले.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘दहावी फ’ (२००२) या चित्रपटातली मुले अशाच शेवटच्या तुकडीतली. अपमानाने पेटून ती शाळेच्या प्रयोगशाळेची मोडतोड करतात. प्रयोगशाळेने त्यांचे काय बिघडवले होते? काहीच नाही. पण जी शाळा आपल्याला आपले मानत नाही, तिची ती मानाची जागा होती.

वगळले जाण्याने माणूस एवढा का दुखावतो, हे ‘सायबरबॉल’ या साध्या प्रयोगातून समजते. संगणकाच्या पडद्यावर तिघे एकमेकांकडे चेंडू टाकत असतात. त्यांतले एक आपण. उरलेले दोघे म्हणजे प्रत्यक्षात संगणकाची आज्ञावली. थोड्या वेळाने आपल्याकडे चेंडू येईनासा होतो. एवढ्यानेही मोठ्या माणसांचे मन खट्टू होते. लंडनमध्ये ११ ते १५ वर्षांच्या मुलींवर केलेल्या अभ्यासात (२०१०) त्यांची मनःस्थिती प्रौढ स्त्रियांपेक्षा अधिक खालावलेली आढळली.

शिवाय भावनांना आवर घालणारा, कपाळामागचा मेंदूचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. पण म्हणून सारा दोष मेंदूवर टाकता येणार नाही. ‘अ’ तुकडीतल्या मुलांचा मेंदूही त्याच वयाचा असतो. फक्त त्यांच्याकडे चेंडू येत असतो.

चित्रपटातले देशमुख सर हे ओळखतात. मुलांना शाळेबाहेर काढण्याऐवजी ते त्यांना काम करून पैसे मिळवायला आणि प्रयोगशाळा पुन्हा उभी करायला लावतात. चुकीची भरपाई होते, आणि ‘शाळा तुमचीही आहे’ हेही न बोलता सांगितले जाते.

‘तुला कशाची भीती वाटते?’ असे विचारले, तर नववी-दहावीचे मूल बहुधा गप्प बसते. गोष्टीतल्या पात्राबद्दल मात्र ते मोकळेपणाने बोलते. म्हणून हा चित्रपट किंवा मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ (२००४) कादंबरीतला एखादा प्रसंग वर्गात घ्यावा आणि तीन प्रश्न विचारावेत : इथे राग कोणाला आला? त्याआधी त्याला कशाची भीती वाटली होती? त्याच्याकडे चेंडू कोण टाकू शकले असते?

तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात ‘शिक्षक’ हा शब्द आला, तर आपण तो ऐकून घ्यायला हवा.