पावणेदोन टन शिंपले आणि निफाडची द्राक्षं

विक्रेत्याच्या आणि खरेदीदाराच्या छापील अटी जुळत नसतील तर कोणाच्या चालतात, म्हणजे देशोदेशींच्या व्यापाऱ्यांमधल्या मालविक्रीचे नियम सांगणाऱ्या व्हिएन्ना कराराचं कलम १९, हा आजचा ठरलेला विषय. तो पुढे ढकलतो, कारण निफाडच्या एका द्राक्ष निर्यातदार वाचकांनी रोखठोक विचारलंय: "भारत व्हिएन्ना कराराचा सदस्यच नाही. मग आम्ही हे कशाला वाचायचं?"

भारत सदस्य नाही, हे खरं. पण कलम १ ला दोन दारं आहेत. दोन्ही पक्षांचे देश सदस्य असले की पहिलं दार उघडतं. ते आपल्याला बंद. दुसरं दार मात्र, कोणत्या देशाचा कायदा लावायचा हे ठरवणारे नियम एखाद्या सदस्य देशाकडे बोट दाखवतात तेव्हा उघडतं. रॉटरडॅमच्या खरेदीदाराने पाठवलेल्या करारात तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असते: 'या कराराला डच कायदा लागू राहील.' आपण दर आणि पेट्यांचा आकडा बघून सही करतो. नेदरलँड्समध्ये व्हिएन्ना करार १९९२ पासून लागू आहे. म्हणजे परदेशी विक्रीपुरता डच कायदा म्हणजेच व्हिएन्ना करार. आपला १९३० चा मालविक्री कायदा तिथेच बाजूला पडतो. व्हिएन्ना नको असेल तर कलम ६ प्रमाणे तो वगळता येतो, पण तसं स्पष्ट लिहावं लागतं. नुसतं 'डच कायदा' लिहिलं तर तो वगळला जात नाही, उलट आत येतो.

आता माल सदोष निघाल्याच्या क्लेमकडे. २०१० साली आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट या रसायनाचे अंश सापडले आणि युरोपात माल अडकला, हे नाशिककडे कोणी विसरलेलं नाही. अशा वेळी माल करारानुसार नव्हता असं म्हणता येतं का? या प्रश्नावरचा माझा सगळ्यात आवडता निकाल शिंपल्यांचा आहे. (आपल्या शिणाण्यांचेच भाऊबंद.) एका स्विस विक्रेत्याने न्यूझीलंडचे सुमारे पावणेदोन टन शिंपले जर्मन खरेदीदाराला विकले. तपासणीत कॅडमियम निघालं, जर्मन आरोग्य खात्याच्या शिफारशीपेक्षा जास्त. खरेदीदार पैसे देईना. ८ मार्च १९९५ ला जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने त्याच्याविरुद्ध निकाल दिला. शिंपले खाण्याजोगे होतेच. आणि खरेदीदाराच्या देशातले सगळे सरकारी निकष परदेशी विक्रेत्याला ठाऊक असावेत, अशी अपेक्षा धरता येत नाही. ते खरेदीदाराला जास्त माहीत असतात, तेव्हा करारात त्यानेच लिहावेत.

निकाल मला पटतो. पण निफाडकरांनी त्यावर विसंबून राहू नये. न्यायालयाने अपवादही सांगून ठेवलेत: विक्रेत्याच्या देशातही तोच निकष असेल, खरेदीदाराने तो दाखवून दिला असेल, किंवा खास परिस्थितीमुळे विक्रेत्याला तो माहीत असणं अपेक्षित असेल. दरवर्षी युरोपला कंटेनर पाठवणारा, त्याआधी युरोपच्या मर्यादांप्रमाणे रेसिड्यूची तपासणी करून अहवाल जोडणारा निर्यातदार 'मला तिथली मर्यादा ठाऊक नव्हती' असं कोणत्या तोंडाने म्हणणार?

त्याच्या उपयोगाचा मुद्दा त्याच निकालाच्या दुसऱ्या भागात आहे. शिंपल्यांचं पॅकिंग खराब होतं, अशीही खरेदीदाराची तक्रार होती. ती महिना उलटून गेल्यावर केली, म्हणून न्यायालयाने ऐकलीच नाही. कलम ३८ म्हणतं, माल शक्य तितक्या लवकर तपासा. कलम ३९ म्हणतं, दोष कळल्यावर किंवा कळायला हवा होता तेव्हापासून वाजवी मुदतीत, दोष नेमका काय ते कळवा. नाहीतर हक्क गेला. नाशवंत मालाला ही वाजवी मुदत न्यायालयं दिवसांत मोजतात. तीन आठवड्यांनी 'क्वालिटी प्रॉब्लेम' एवढ्या दोन शब्दांचा ईमेल आला की आपल्याकडे लगेच दर पाडून तडजोड होते. तसं करण्याआधी कंटेनर कधी उघडला, फोटो कोणत्या तारखेचे, मण्यांना तडे होते की देठ सुकले होते, हे लेखी विचारावं. मात्र दोष आपल्याला आधीच माहीत असेल आणि आपण तो सांगितला नसेल, तर कलम ४० प्रमाणे उशिराची ढाल आपल्या कामाला येत नाही.

राहिला प्रश्न कन्साइनमेंटवर पाठवलेल्या मालाचा. विकला जाईल त्या दराने पैसे, असा व्यवहार मुळात 'विक्री' धरायचा की अडत, यावर कराराचा शब्द न् शब्द पाहिल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही. वाचकांनी आपला कागद, नावं खोडून, पाठवला तर पुढच्या आठवड्यात तोच घेऊ. कलम १९ त्यानंतर.