ड्रोनवर नंबर लिहायचा, पण कशाने?

2024 च्या दिवाळीआधी पौडजवळ माझा छंदाचा ड्रोन वाऱ्याने भरकटला आणि कापणीला आलेल्या भातात पडला. ॲपमध्ये शेवटचं ठिकाण दिसत होतं, तिथे गेलो तर खाचर रिकामं. ड्रोन कुठे पडला ते ॲप सांगतं, कोणी उचलून नेला ते नाही. आठवडाभराने विचारत विचारत एका काकांच्या घरी पोचलो. पोत्यात गुंडाळून ठेवला होता.

"अहो, फोन करणारच होतो, पण नंबर पुरा दिसेना. त्यात चोरांचा असला तर? घरात ठेवायची पण भीती."

भीती उगाच नव्हती. त्याच वर्षी जून-जुलैत शिरूर, आंबेगाव भागात रात्री ड्रोन फिरत असल्याच्या बातम्या येत होत्या आणि चोर टेहळणी करतात अशी गावोगाव चर्चा होती.

माझ्या स्टिकरवर दहापैकी सहाच आकडे उरले होते. चूक माझीच. तो थर्मल कागद होता, दुकानातल्या पावतीचा असतो तसा. त्यात शाई नसतेच. कागदावरच्या थरात एक रंगहीन रंजक आणि एक आम्लधर्मी पदार्थ असतो. उष्णतेने दोन्ही वितळून एकत्र आले की रंग उमटतो. ऊन, हाताचं तेल, प्लास्टिक मऊ ठेवणारी द्रव्यं ही जोडी मोडतात आणि अक्षर फिकं पडतं. इंकजेटची शाई बहुतेकदा पाण्यात ओघळते. लेझर प्रिंटरचा टोनर मात्र प्लास्टिकची पूड असते, ती वितळून चिकटते, पावसाला दाद देत नाही. कागद भिजतोच, म्हणून वरून पारदर्शक टेप लावायची, कडांच्या बाहेर जाईल अशी.

"नोंदणी केली आहे ना, मग लेबल कशाला?" असं मित्राने विचारलं. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार मिळणारा यूआयएन हा निर्मात्याच्या अनुक्रमांकाला, फ्लाइट कंट्रोलरला आणि रिमोटला जोडलेला असतो. सरकारसाठी तो उपयोगी, पण काकांना त्यावरून फोन लावता येत नाही. अमेरिकेत आधी नोंदणी क्रमांक बॅटरीच्या कप्प्यात चालायचा. फेब्रुवारी 2019 पासून तो बाहेरून दिसायलाच हवा, कारण आत स्फोटक असेल तर कप्पा उघडणाऱ्याच्या जिवावर बेतेल. पोत्यात गुंडाळणाऱ्या काकांचा विचार फार वेगळा नव्हता!

जागाही बघून निवडा. पोटाखालचे सेन्सर आणि हवेची भोकं झाकू नका. चकचकीत धातूचा स्टिकर जीपीएस अँटेनावर तर नकोच. सुमारे 20,200 किलोमीटरवरून येणारा तो सिग्नल आधीच अगदी क्षीण असतो. पंख्याच्या पात्यावर काही चिकटवलं तर तोल जातो. मेमरी कार्डवरचा पहिला फोटो नंबर लिहिलेल्या कागदाचा ठेवा. घरचा पत्ता मी टाकत नाही, दोन फोन नंबर पुरतात, कारण मुळशीत एकाला रेंज नसतेच.

आता माझ्या लेबलवर मराठीत आहे: "सापडल्यास फोन करा. छंदाचा ड्रोन आहे. बॅटरी फुगली असेल तर हात लावू नका." काकांना दाखवायला गेलो होतो. चष्मा न लावता त्यांनी ते लांब धरून पाहिलं आणि म्हणाले, "आकडे मोठे काढ की."