बॅटरीच्या खोलीतला बिनवासाचा वायू

दुसरबीडसारख्या गावात आता बऱ्याच घरांत ट्रॅक्टरची, नाहीतर इन्व्हर्टरची बॅटरी असते. ती बहुधा पोत्यांशेजारी, बंद खोलीत चार्ज होते. चार्जिंग भरत आले की आतल्या पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन वायू बाहेर पडतो. स्वयंपाकाच्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम वास दिलेला असतो. याला ना वास, ना रंग. हवेत तो शेकडा ४ झाला की एक ठिणगी पुरे, आणि बॅटरी फुटली तर ॲसिड थेट तोंडावर!

मग हा वायू ओळखायचा कसा? शास्त्रज्ञांनी युक्ती मोठी नामी काढली. पॅलेडियम हा चांदीसारखा धातू स्वतःच्या आकारमानाच्या सुमारे ९०० पट हायड्रोजन शोषतो आणि पावसाळ्यातल्या दारासारखा फुगतो. १९८४ साली अमेरिकेतील संशोधक बटलर यांनी काचेच्या बारीक तंतूवर या धातूचा मुलामा चढवला. इंटरनेटच्या केबलमध्ये असतो तसलाच हा तंतू. धातू फुगला की तंतू ताणला जातो, आतल्या प्रकाशात फरक पडतो, आणि दूर ठेवलेल्या यंत्राला वर्दी मिळते. वायूजवळ फक्त उजेड जातो, वीज नाही. तेव्हा राखणदाराच्याच हातून ठिणगी पडण्याची भीती नाही.

घरच्या एका बॅटरीसाठी एवढा खटाटोप कोण करील? आपल्याला झरोका पुरे. मात्र तो आढ्याजवळ हवा, कारण हायड्रोजन हवेच्या सुमारे चौदापट हलका, छपराखाली साचतो. चार्जरचा चिमटा काढण्याआधी बटन बंद करावे. बॅटरीतले पाणी पाहायला काडी ओढू नये. टॉर्च घ्यावी, तीही बाहेरच लावून आत न्यावी.