आरशापलीकडून आईच्या कानात

हट्टी, आक्रस्ताळ्या मुलाला घेऊन आलेले पालक डॉक्टरांना आधी विचारतात, "गोळी आहे का काही?" मुलांच्या मानसोपचाराबद्दल मी वर्षानुवर्षं हाती लागेल ते वाचत आले, आणि एक मत पक्कं होत गेलं: अशा वर्तनाच्या विकारांत आधी शिकायचं असतं ते आईबापांनी.

पार्श्वभूमी थोडक्यात. सतत हुज्जत, चिडचिड, मुद्दाम नियम मोडणं, डूख धरणं हे निदान ६ महिने चाललं आणि त्यानं घर-शाळा विस्कटली, तर त्याला ओडीडी (ऑपोझिशनल डिफायंट डिसऑर्डर) म्हणतात. मारामारी, चोरी, मुक्या प्राण्यांचा छळ इथवर गेलं, तर कंडक्ट डिसऑर्डर. जोडीला अनेकदा एडीएचडी, म्हणजे लक्ष न लागणं आणि अतिचंचलता, असतोच.

मला खरी भुरळ घातली ती अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यानं. तिथल्या यूजीन शहरात जेराल्ड पॅटरसन आणि त्यांचे सहकारी कुटुंबांच्या घरी बसून निरीक्षणं टिपत. आई म्हणते, "टीव्ही बंद कर." मूल किंचाळतं. आई नाद सोडते, घर शांत होतं. किंचाळलं की काम टळतं, हे मुलाला कळतं. नमतं घेतलं की गोंगाट थांबतो, हे आईला. असे दोघं एकमेकांना घडवत जातात. पॅटरसन यांनी १९८२च्या पुस्तकात हे चक्र सविस्तर मांडलं.

त्याच राज्यात पोर्टलंडला कॉन्स्टन्स हॅन्फ यांनी दोन टप्प्यांची पद्धत बसवली. तिच्या आधारे शीला आयबर्ग यांनी १९७०च्या दशकात 'पीसीआयटी' (पॅरेंट-चाइल्ड इंटरॅक्शन थेरपी) हा उपचार उभा केला. तो साधारण २ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी आहे. आई मुलाबरोबर खेळते, थेरपिस्ट एकतर्फी आरशामागून तिच्या कानातल्या यंत्रात सूचना देतो. पहिल्या टप्प्यात खेळाची सूत्रं मुलाकडे. प्रश्न नाहीत, हुकूम नाहीत, टीका नाही. ५ मिनिटांत नेमकं कौतुक १० वेळा, मुलाच्या बोलण्याचा पुनरुच्चार १० वेळा, त्याच्या कृतीचं वर्णन १० वेळा जमलं, की पुढचा टप्पा: एका वेळी एकच स्पष्ट सूचना आणि ठरलेला परिणाम. घरी रोज ५ मिनिटांचा सराव.

पुण्यातल्या एका केंद्रात मी असा खेळ पाहिला. "लाल ठोकळा वर ठेवलास, किती सावकाश ठेवलास!" एवढं म्हणताना त्या आईला घाम फुटला होता. तोंडात सारखं येत होतं, "हा रंग कुठला?" आपल्याकडे मुलाशी बोलणं म्हणजे त्याची परीक्षा घेणं. पाहुणे आले की, "काकांना पोएम म्हणून दाखव!"

औषधांचीही कथा रंजक आहे. १९३७ साली ऱ्होड आयलंडमध्ये डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांनी तपासणीनंतरच्या डोकेदुखीवर मुलांना बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध दिलं. डोकेदुखी गेली नाही, पण ३०पैकी १४ मुलं अभ्यासात लक्षणीय सुधारली. आज एडीएचडी सोबत असेल तर मिथाइलफेनिडेट या उत्तेजक औषधानं आक्रमकपणाही कमी होऊ शकतो. रिसपेरिडोन या मनोविकारांवरच्या औषधाची गोष्ट वेगळी. ब्रिटनच्या २०१३च्या मार्गदर्शक सूचनांनुसार कंडक्ट डिसऑर्डरमध्ये ते नेहमीचा उपचार म्हणून द्यायचं नाही. थेरपीला दाद न देणाऱ्या तीव्र आक्रमकतेतच, तेही थोड्या काळासाठी, त्याचा विचार करायचा. वजन वाढतं, म्हणून नियमित तपासणी हवीच. गोळीनं उद्रेक ओसरतो. किंचाळण्या-नमण्याचं चक्र तिनं तुटत नाही.

तेव्हा वाचकहो, अशा मुलाला "वाया गेलेला" म्हणू नका, धाक बसावा म्हणून हॉस्टेलातही टाकू नका. बालमानसोपचारतज्ज्ञांना भेटा, कुठून सुरुवात करावी कळत नसेल, तर सरकारच्या 'टेलिमानस' या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फिरवा. आणि डॉक्टरांना गोळीबरोबरच हेही विचारा: "आम्ही काय शिकायचं?"