रिकामी रिळं आणि जुनं कुलूप

लहान मूल नवी वस्तू दिसली की आधी काय करतं? हाताळतं, आपटतं, तोंडात घालतं, असं आपण सरसकट म्हणतो. पण सगळीच मुलं तसं करत नाहीत. आमच्या भागातल्या बालवाडीत मी आठवड्यातून दोन दिवस मदतीला जाते. तिथं सोसायटीतली मुलं असतात आणि बांधकामावरच्या मजुरांचीही. सतरंजीवर चिंचोके, रिकामी रिळं, डब्यांची झाकणं, एक जुनं कुलूप असं काहीबाही मांडलेलं असतं. मजुरांची मुलं तडक कुलपाशी जातात. सोसायटीतला साडेतीन वर्षांचा एक मुलगा मात्र मांडीवर हात ठेवून माझ्या तोंडाकडे बघत राहिला. घरी खेळणी कपाटभर, पण 'मोडशील हं!' या पहाऱ्यात. आणि एक मजुराची मुलगी धाकट्या भावाला कडेवरून उतरवेना. जे काय खेळायचं ते एका हातानं.

अशा मुलांच्या प्रगतिपुस्तकात 'जिज्ञासा कमी' असा शेरा पडतो, तेव्हा माझा जीव तुटतो. शेरा लिहिणाऱ्यानं त्या मुलीचा दुसरा हात कुठे अडकलाय ते पाहिलेलं नसतं.

मोठ्यांच्या वागण्यानं किती फरक पडतो, हे 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका प्रयोगात दिसलं. एलिझाबेथ बोनाविट्झ आणि सहकाऱ्यांनी बालवाडीच्या वयाच्या मुलांना एक खेळणं दिलं. त्यात चार गमती होत्या. 'हे असं चालतं' म्हणून एकच गंमत मुद्दाम शिकवली, तेव्हा मुलं बहुतांशी तिलाच धरून बसली. तीच गंमत मोठ्या माणसाला जणू चुकून सापडली, तेव्हा मुलांनी बाकीच्याही धुंडाळल्या.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं. माँटेसरीची महागडी साधनं खेड्यात परवडणारी नव्हती. मग शिंपले, बिया, खडे, पानं हीच साधनं झाली. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात भरली. धाकट्याला सांभाळण्यात अडकलेल्या ताईची अडचण त्यांनी केव्हाच हेरली होती. धाकट्यांसाठी पाळणाघर शाळेजवळच काढलं.

आमच्याकडे सध्या छताच्या आढ्याला एक साडीची झोळी बांधली आहे. भाऊ तिच्यात झोपतो. गेल्या मंगळवारी ताईनं कुलपाची किल्ली मागितली.