तीनमध्ये चार, की चारमध्ये तीन?

पावसाळा सरत आला की डेंग्यूचे रुग्ण वाढतात आणि आरोग्य विभागात आकड्यांची धावपळ सुरू होते. समजा, एका शहरात चार वॉर्ड आहेत आणि चार आठवड्यांची माहिती जमा झाली आहे. कार्यालयाच्या संगणकावर एक नोंद दिसते : ‘३, त्यात ४, संख्या १७’. याचा अर्थ काय घ्यायचा? तिसऱ्या वॉर्डात चौथ्या आठवड्यात १७ रुग्ण, की तिसऱ्या आठवड्यात चौथ्या वॉर्डात १७ रुग्ण? पहिला अर्थ खरा असेल, तर डासांच्या अळ्या शोधणारे पथक तिसऱ्या वॉर्डात जायला हवे. दुसरा खरा असेल, तर चौथ्या. कोणताही अर्थ घेतला तरी शहराची एकूण बेरीज तीच येते, त्यामुळे बेरीज ताडून चूक सापडत नाही. पथक मात्र चुकीच्या वस्तीत पोहोचते.

जागेवरून अर्थ लावण्याची सवय आपल्या सगळ्यांनाच आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘१-०-१’ लिहिलेले असते. गोळी सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, हे आपण न सांगता ओळखतो. सकाळ, दुपार, रात्र हे शब्द चिठ्ठीवर कुठेच नसतात. लिहिणाऱ्याने आणि वाचणाऱ्याने मनात एकच क्रम धरलेला असतो. संगणकाला मात्र हा क्रम सांगावा लागतो. आपण सांगितला नाही, तर तो स्वतःचा ठरलेला नियम लावून मोकळा होतो.

केसपेपर आणि प्रयोगशाळेची वही

रुग्णालयात एकच माहिती दोन प्रकारे ठेवलेली असते. वॉर्डात प्रत्येक रुग्णाचा केसपेपर असतो आणि त्याच्या सगळ्या तपासण्या त्यात असतात. म्हणजे बाहेर रुग्ण, आत तपासण्या. प्रयोगशाळेच्या वहीत उलटे असते. साखरेच्या पानावर सगळ्या रुग्णांची साखर, हिमोग्लोबिनच्या पानावर सगळ्यांचे हिमोग्लोबिन. म्हणजे बाहेर तपासणी, आत रुग्ण. दोन्ही पद्धती बरोबर आहेत, पण एक समजून दुसरी वाचली की घोटाळा होतो.

पायथन या संगणकभाषेत अशा मांडणीला ‘डिक्शनरी’ म्हणतात. शब्दकोशात शब्दासमोर अर्थ, तसे इथे नावासमोर मूल्य. मूल्याच्या जागी आणखी एक डिक्शनरी ठेवली की कप्प्यात कप्पा तयार होतो. अशा कप्प्यांचा तक्ता करण्यासाठी जगभरातले संशोधक ‘पांडाज’ नावाचे साधन वापरतात. वेस मॅकिनी यांनी २००८ मध्ये त्यावर काम सुरू केले. नाव अस्वलाची आठवण करून देत असले, तरी ते ‘पॅनेल डेटा’ या सांख्यिकीतल्या संज्ञेवरून आले आहे.

कप्प्यात कप्पा दिला तर बाहेरच्या नावांचे उभे रकाने करायचे आणि आतल्या नावांच्या आडव्या ओळी, असा पांडाजचा नियम आहे. त्याच नोंदी एकाखाली एक यादीसारख्या दिल्या, तर मात्र प्रत्येक नोंदीची आडवी ओळ होते. नियम लिहून ठेवलेला आहे आणि तो बदलण्याची सोयही आहे. पण ‘एक रुग्ण म्हणजे एक ओळ’ असे गृहीत धरणाऱ्याने केसपेपरची मांडणी तशीच दिली, तर रुग्ण उभे होतात आणि तपासण्या आडव्या.

पुढे काय होते ते पाहा. एका रुग्णाची उपाशीपोटीची साखर ११०, हिमोग्लोबिन १२ आणि क्रिएटिनिन १ आहे. दुसऱ्याची साखर १६०, हिमोग्लोबिन ९.५ आणि क्रिएटिनिन १.५. संगणकाला सरासरी काढायला सांगितले की तो नेहमीप्रमाणे प्रत्येक रकान्याची काढतो, आणि उत्तरे येतात ४१ व ५७. साखर, हिमोग्लोबिन आणि क्रिएटिनिन एकत्र मिसळून काढलेल्या या सरासरीला वैद्यकीय अर्थ काहीच नाही. हवी होती साखरेची सरासरी, म्हणजे १३५. तरीही संगणक कुठलीही चूक दाखवत नाही, कारण बेरीज आणि भागाकार त्याने बिनचूक केलेले असतात.

इथे निदान ४१ हा आकडा पाहून कुणालातरी शंका येईल. वॉर्ड आणि आठवडे, दोन्हींना १ ते ४ असेच क्रमांक असतील, तर उलटा तक्ताही अगदी सुलट्यासारखा दिसतो. अशी माहिती फाइलमध्ये साठवताना वॉर्ड बाहेर ठेवले की आठवडे, हे त्या फाइलकडे पाहून कळायला मार्ग नसतो. साठवणाऱ्याने एक पद्धत वापरली आणि उघडणाऱ्याने दुसरी, तर तक्ता मुकाट्याने आडवा-उभा होतो.

रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे

दुसरा धोका रिकाम्या जागेचा. दुसऱ्या वॉर्डाने तिसऱ्या आठवड्याचा अहवालच पाठवला नाही, तर त्या आतल्या कप्प्यात ‘३’ ही नोंद नसते. पांडाज तिथे ‘माहिती नाही’ अशी खूण करतो. बेरीज करताना मात्र तो ही खूण वगळतो आणि त्या वॉर्डाची एकूण संख्या कमी दिसते. कुणी रिकाम्या जागा भरण्यासाठी शून्य घातले, तर पुरावाही पुसला जातो. अहवाल न देणारा वॉर्ड सगळ्यात निरोगी ठरतो! क्रिएटिनिन तपासलेच नाही आणि क्रिएटिनिन शून्य आले, यात जो फरक आहे तोच इथेही आहे.

आडवे-उभे झाल्याची किंमत विज्ञानाने मोजलेली आहे. अमेरिकेतील स्क्रिप्स संशोधन संस्थेच्या जेफ्री चँग यांनी २००१ मध्ये जिवाणूंमधील ‘एमएसबीए’ या प्रथिनाची रचना प्रसिद्ध केली. या प्रथिनाच्या कुळातली काही प्रथिने पेशीत शिरलेले औषध बाहेर फेकतात. कर्करोगाची औषधे काही रुग्णांत निष्प्रभ होण्यामागे असेच एक प्रथिन असते, म्हणून या रचनेकडे अनेकांचे लक्ष होते. २००६ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी त्याच कुळातल्या दुसऱ्या प्रथिनाची रचना मांडली. ती चँग यांच्या रचनेशी जुळेना. शोध घेतल्यावर दिसले, की प्रयोगशाळेतल्याच एका संगणक प्रोग्रॅमने आकड्यांच्या दोन रकान्यांची अदलाबदल केली होती. त्यामुळे डावा हात आरशात उजवा दिसावा तशी रचना उलटी झाली होती. चँग यांनी जाहीर कबुली देऊन पाच शोधनिबंध मागे घेतले. तोवर इतर प्रयोगशाळांनी त्या रचनेच्या आधारे काम करण्यात काही वर्षे घालवली होती.

उपाय साधा आहे

यावरचे उपाय सोपे आहेत. ते कंटाळा न करता पाळावे लागतात. नुसते ‘३’ न लिहिता ‘वॉर्ड ३’, ‘आठवडा ४’ असे लिहिले की अर्धे काम होते. त्याहून चांगले म्हणजे कप्प्यात कप्पा टाळून एका ओळीत एकच पूर्ण नोंद ठेवायची : वॉर्ड, आठवडा, रुग्णसंख्या. तक्ता तयार झाल्यावर ओळी आणि रकाने मोजायचे आणि एखादी माहीत असलेली नोंद मूळ कागदाशी ताडून पाहायची. रक्त चढवण्यापूर्वी पिशवीवरचे नाव आणि रक्तगट रुग्णाशी ताडतात, तसेच हे आहे. ‘आयुष्मान भारत डिजिटल मिशन’मध्ये आरोग्याच्या नोंदींसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘फायर’ या आंतरराष्ट्रीय मानकाचा गाभाही हाच आहे. कुणाची तपासणी, कोणती, कधीची, मूल्य किती आणि एकक कोणते, हे प्रत्येक नोंदीसोबत सांगण्यासाठी त्यात ठरलेल्या जागा आहेत.

घरातल्या औषधोपचारांच्या फाइललाही हाच नियम लागू आहे. आई-वडिलांचे रिपोर्ट परदेशातल्या मुलांना पाठवताना नुसता आकडा कळवू नये. उपाशीपोटीची साखर आपल्याकडे १२६ असेल, तर ब्रिटनमध्ये तीच ७ लिहिली जाते, कारण एकक वेगळे आहे. ‘०५/०६’ ही तारीख आपल्याला ५ जून वाटते, अमेरिकेत तीच ६ मे होते. म्हणून महिना अक्षरी लिहावा, तपासणीचे नाव, एकक आणि ‘जेवणाआधी’ की ‘जेवणानंतर’ हेही लिहावे. गोळ्यांच्या वेळा घरातल्या वयस्करांना लिहून देताना ‘१-०-१’च्या शेजारी ‘सकाळी एक, रात्री एक’ असे दोन शब्द जास्त लिहायला वेळ लागत नाही, आणि औषध देणारा माणूस बदलला तरी गोळी चुकत नाही.